चंद्राई नांदेना

परभणीकडे जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" दुसरा प्रश्न येत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. म्हणून ते लिहून काढते आहे. वाचायचं नसेल त्यानं पान उलटावं, मला दिसणार नाही.

माझा धाकटा भाऊ दत्तू इंजिनियर आहे. इंग्रजी मुलुखात नोकरी मिळेना म्हणून त्यानं निजामाच्या राज्यात धरली. कुठल्या खात्यात ते लिहीत नाही. खात्याला लाज नसते, भावाला आहे. "वडखेडला मी नदीवर बंधारा बांधला आहे, काय काम झालंय ते एकदा येऊन बघ," असं तो पहिल्या वर्षी प्रत्येक पत्रात लिहायचा. मग बंधारा पत्रांतून हळूहळू नाहीसा झाला आणि हवापाणी आलं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. नदी डोंगरात उगम पावते आणि समुद्राला मिळते, हे इतकी वर्षं सांगत आले, पण मधे तिला कोण कोण भेटतं ते कधी पाहिलं नव्हतं. मे महिन्याची सुटी लागली तशी निघाले.

मनमाडच्या पुढे

मनमाडला गाडी बदलली की राज्य बदलतं. पैसे बदलतात, घड्याळाकडे बघायची पद्धत बदलते आणि सामान उघडून बघायला करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, लोक येतात. माझ्या ट्रंकेत जकातीजोगं काही नव्हतं. पण दत्तूसाठी नेलेला चिवडा मी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात बांधला होता, आणि पुण्याची वर्तमानपत्रं तिकडे सुरुंगाच्या दारूइतकी धोक्याची समजतात. शिपायानं पुडा नाकाजवळ धरला, मथळा उलटा धरून वाचला आणि कागद जप्त केला. चिवडा कशात घ्यावा हा प्रश्न निघाला तेव्हा त्यानं फार समजूतदारपणे अर्धा स्वतःच्या रुमालात घेतला आणि अर्धा माझ्या पदरात ओतला. पुण्यात असं झालं असतं तर आम्ही निषेधाची सभा घेतली असती. इथे डब्यातल्या लोकांनी माझ्या पदरातल्या चिवड्याला हातभार लावला आणि विषय संपवला.

परभणी स्टेशनावर दत्तू घ्यायला आला होता. डोक्यावर साहेबी टोपी, खाली उन्हानं करपलेला चेहरा. टांग्यात बसल्यावर मी विचारलं, "बंधारा कसा आहे?"

"जागेवर आहे."

"आणि पाणी?"

"ताई, तू दमली असशील," तो म्हणाला.

ताडकळसचा बाजार

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे बैलगाडीनं निघालो. ऊन वर यायच्या आत ताडकळस गाठायचं असं ठरलं होतं, पण ते बैलांना कोणी कळवलं नव्हतं. पोचलो तेव्हा बाजार भरात होता. शेळ्या, मिरच्या, घोंगड्या आणि करडीच्या तेलाचे डबे, सगळं एकमेकांना खेटून मांडलेलं. आपल्याकडे गिऱ्हाईक भाव करतं. इथे भाव करता करता तुमचं कूळ, गाव आणि तब्येत यांचीही चौकशी होते, आणि शेवटी वस्तू घ्यायची राहून जाते.

दत्तूला सगळे ओळखत होते. नुसते ओळखत नव्हते, बघून गालात हसत होते. बांगड्या विकणाऱ्या एका कासारणीनं हाक मारून विचारलं, "सायेब, नवरी आली का घरी? का अजून रुसलेलीच हाय?"

दत्तू कानापर्यंत लाल झाला. मी गाडीत बसल्यावर तोंड बंद ठेवलं, पण डोकं बंद ठेवता येईना. माणूस परमुलुखात एकटा राहतो, काय करून बसेल त्याचा नेम नाही. आईला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करूनच मी वडखेडला उतरले.

वडखेड

उतरायची सोय सारजाबाईंकडे होती. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. नवरा माणिकराव वारलेला, मूलबाळ नाही, नदीकाठचं एक काळं वावर आणि त्यातली विहीर एवढीच मिळकत. विहीर मात्र अशी की उन्हाळ्यात अर्धं गाव तिच्यावर पाणी भरतं, आणि पाणी भरणाऱ्या प्रत्येकीला सारजाबाईंचं बोलणं ऐकावं लागतं. पाणी फुकट असल्यानं कोणी तक्रार करत नाही.

पहिल्या जेवणाला येसराची आमटी होती. डाळी, धान्य आणि मसाले भाजून केलेलं येसर तिकडे लग्नाच्या पंगतीत हवंच. पहिल्या भुरक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"खावा बाई. पुन्याला आसलं मिळत न्हाई," सारजाबाई म्हणाल्या.

"लग्नाची आमटी आज कशी?" मी डोळे पुसत विचारलं.

"लगनातलंच येसर हाय, सरता सरंना. सूनच नांदंना, तर खाणार कोन?"

मी दत्तूकडे पाहिलं. दत्तू भाकरीकडे पाहत होता. मग सारजाबाईंनीच सगळं सांगितलं, आणि मला हसावं की आमटी प्यावी ते कळेना.

आपल्याकडे आंब्याचं लग्न लावल्याशिवाय फळ खात नाहीत, विहिरीचं लग्न लावल्याशिवाय पाणी पीत नाहीत, हे मी ऐकून होते. वडखेडच्या लोकांनी एक पाऊल पुढे टाकून बंधाऱ्याचं लग्न लावलं होतं. नवरी कोण, तर चंद्राई नदी. नदी म्हणायची ती मानानं. पावसाळ्यात नदी, हिवाळ्यात ओढा आणि मे महिन्यात वाळू. ती वरच्या अंगाला रंगनाथ पाटलांच्या रानातून निघते म्हणून पाटील वधूपिता. बंधाऱ्याला जागा सारजाबाईंनी दिलेली म्हणून त्या वरमाय.

"पोटी लेकरू न्हाई," त्या म्हणाल्या. "मनलं, ह्योच माझा लेक. मालकाचं नाव कोरलेला दगड मधोमध बसवला. बापाचं नाव नगं का? वाजत गाजत लगीन लावलं, बाई. बंधाऱ्याला बाशिंग बांधलं. सायेबांनी सोता अक्षता टाकल्या."

"टाकल्यास?" मी दत्तूला विचारलं.

"गावकऱ्यांचं मन राखावं लागतं," तो पुटपुटला.

बंधारा

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बघायला गेलो. खोटं का बोला, काम देखणं होतं. घडीव दगड, चुन्याची रेघ कशी सरळ, पुरुषभर उंची, मधोमध माणिकरावांच्या नावाचा दगड. एक चीर नाही. मात्र नदी तिथे नव्हती. बंधाऱ्यामागे वाळलेल्या गाळात बाभळी उगवल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. नदीचं पात्र बंधाऱ्याच्या डाव्या टोकाला वळसा घालून, सारजाबाईंचं वावर मधून चिरत गेलं होतं.

झालं होतं असं. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी सुटते. दत्तूनं भिंत पक्की केली, पण तिची दोन्ही टोकं या मातीत खोचून सोडून दिली. पहिल्या पुरात पाणी तुंबलं, त्यानं भिंतीला हात लावून पाहिला असेल, आणि शहाण्या माणसासारखं ते बाजूनं गेलं. आता दर पावसाळ्यात पात्र आणखी सरकत होतं आणि विहिरीच्या काठावर येऊन ठेपलं होतं. एक मोठा पूर, की विहीर पात्रात. मग सारजाबाईंचं वावर कोरडं आणि अर्धं गाव तहानलेलं.

"पण भिंत बघ ना, ताई," दत्तू म्हणाला. "हललीसुद्धा नाही."

भिंतीला न हलण्याबद्दल शाबासकी द्यायची असेल तर आपल्या शनिवारवाड्यालाही द्यावी लागेल, असं मी म्हणाले. त्याला ते आवडलं नाही.

गावानं आपल्या परीनं इलाज केला होता. नवरी रुसून गेली म्हणजे तिला आणायला जायचं असतं. म्हणून गेल्या पावसाळ्यात सगळे जण हलगी वाजवत नव्या पात्रावर गेले, चंद्राईची खणानारळानं ओटी भरली आणि पाण्यात हिरवं लुगडं सोडलं. लुगडं वाहत खालच्या गावाला गेलं आणि तिथल्या एका बाईनं ते वाळवून नेसलं. तेव्हापासून खालचं गाव म्हणतं, चंद्राई आता आमची. सारजाबाई त्या गावाच्या कोणाशी बोलत नाहीत.

वधूपिता रंगनाथ पाटील वाटेत भेटले. लांब मिशा, त्याहून लांब वाक्यं. मी विचारलं, आता काय करायचं?

"आमची पोर सरळच हाय, बाई," ते म्हणाले. "बापजाद्यापासून सरळ वाहायली. ह्यो नवरा तिच्या वाटंत आडवा बसला त्याला ती काय करल? तरी बी आमचं म्हननं न्हाई की ती नांदू नये. इज्जतीचा सवाल हाय. फकस्त खर्च वरपक्षानं करावा."

बडे साहेब

तिसऱ्या दिवशी दत्तूचे वरिष्ठ मोटारीतून आले. त्यांचंही नाव लिहीत नाही. ते स्वभावानं वाईट नव्हते. त्यांना ऊन सोसत नव्हतं एवढंच, आणि त्या जिल्ह्यात बाकी काही मिळत नाही. वडाखाली सतरंजी टाकून सभा बसली. सगळा गाव होता, बायका मागे, सारजाबाई मागे बसूनही पुढे.

"बंधारा टूटा क्या?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," दत्तू म्हणाला.

"झुका?"

"नाही साहेब."

"फिर शिकायत क्या है?"

"पानी बाजूसे गया, साहेब," पाटील म्हणाले.

साहेबांनी विचार केला. पाणी हे काही त्यांच्या खात्यानं बांधलेलं नव्हतं. त्याच्या वागणुकीबद्दल खात्याला जबाबदार धरणं बरोबर नाही, असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव होता.

मग उपाय निघाले. एक म्हणाला, नदीला दगडी काठ बांधा. तेवढा दगड पुऱ्या तालुक्यात नाही, असं दुसरा म्हणाला. जर्मनीशी लढाई चालू असल्यानं सिमेंटचं नाव काढायचं नाही असं ठरलं, तरी सगळ्यांनी ते एकेकदा काढलं. पाटलांनी सुचवलं की नवऱ्यानंच बायकोकडे जावं, म्हणजे बंधारा उचलून नव्या पात्रात मांडावा. यावर साहेबांनी खरोखरच दत्तूला विचारलं की उचलता येईल का. आमच्या पुण्याच्या पाण्याच्या सभांना मी उगाच नावं ठेवत होते. तिथे निदान नदी कुठे आहे यावर एकमत असतं.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. बंधारा लांबवा. डाव्या टोकापासून सरळ पुढे, नवं पात्र ओलांडून, पलीकडच्या मातीत.

"तिथं तर माझी हीर हाय," सारजाबाई म्हणाल्या.

"कुआँ भर देंगे," साहेब म्हणाले, आणि विहिरीच्या बदल्यात बाईला दुसरी मंजूर करण्याची शिफारस होईल असंही म्हणाले. शिफारस हैदराबादला जाईल, आणि तिकडून मंजुरी आली की ही विहीर बुजवून काम सुरू होईल.

मी दत्तूकडे बघत होते. पलीकडची मातीही काळीच होती. लांबवलेल्या टोकालाही पाणी असंच वळसा घालणार हे त्याला कळत होतं. लहानपणी चोरून गूळ खाल्ला की तो असाच नाकाचा शेंडा खाजवायचा. साहेबांनी विचारलं, "ठीक है ना?" आणि माझा भाऊ म्हणाला, "ठीक आहे, साहेब."

मोटार गेल्यावर मी त्याला विहिरीवर गाठलं.

"दुसरा उपाय आहे?"

"आहे," तो म्हणाला. "बंधारा मधे पाडायचा. पायापर्यंत. मागचा गाळ काढायचा आणि निघालेले दगड नव्या पात्राच्या तोंडाशी टाकायचे. बहुतेक नदी जुन्या वाटेनं जाईल."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं हे एकच काम आहे, ताई. इतक्या वर्षांत एकच. आणि पाडलं तर नोकरीही जाईल. शिवाय गाव ऐकेल? बंधारा पाडला की नदी विधवा होते, असं म्हणतात इथे. विधवेचं पाणी पूजेला कोण घेणार?"

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. रागाला बोलायची सवय आहे, म्हणून तोच बोलला. सारजाबाई विहिरीवर घागर भरत होत्या हे आम्ही दोघं विसरलो होतो.

काडी

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच पंच बोलावले. बंधाऱ्याजवळ, बाभळींच्या सावलीत.

"मला काडीमोड पायजे," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाचा आन् चंद्राईचा."

शेतकरी समाजात ही रीत आहे. नवराबायकोचं पटेना की पंचांसमोर गवताची काडी मोडतात, मग दोघं मोकळे; बाई विधवा होत नाही, दुसरा पाटही लावू शकते. आमच्या पांढरपेशा घरांत लग्न मोडायची सोय नाही, फक्त कुढायची आहे. मी इतक्या लांब भूगोल बघायला आले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या लोकांकडून एखादी काडी मागून न्यावी.

पाटलांनी हरकत घेतली. पोर नांदवून घेतली नाही म्हणजे त्यांच्या घराण्याला बट्टा.

"पाटील," सारजाबाई म्हणाल्या, "तुमची पोर चांगली हाय. माझा लेक बी चांगला हाय. पर ती नांदंना आन् त्यो हलंना. त्यात माझी हीर चाललीय. तुमच्या घरचं पानी बी तिच्यातूनच जायलंय. बोला, बट्टा पिताव का पानी?"

पाटलांनी मिशीला एक पीळ दिला. मग म्हणाले की मुलीच्या सुखापुढे बापानं हट्ट धरू नये, असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं.

सारजाबाईंनी कडब्याची काडी बंधाऱ्यावर ठेवली. लेकाच्या वतीनं आईनं मोडायची. काडी उचलून त्यांनी दुसरा हात भिंतीवरून एकदा फिरवला. मग काडी मोडली.

"सरकारी बंधाऱ्याला हुकमाबिगर कसा हात लावायचा?" कोणीतरी विचारलं. सगळे दत्तूकडे वळले.

दत्तू काहीतरी बोलला, ते फक्त मला ऐकू आलं. म्हणून मी मुलींना धडा सांगते त्या आवाजात पुन्हा सांगितलं, "इंजिनियरसाहेब म्हणतात, मी उभा आहे, पाडा."

"टोकाला नको," आता तो मोठ्यानं म्हणाला. "मधोमध."

मधोमध माणिकरावांचा दगड होता.

"मालकाला आधी नीट उतरवा," सारजाबाई म्हणाल्या, आणि गड्यांनी पहारी लावल्या. पण दत्तूनं चुना असा काही मळून घेतला होता की दगड जागचा सुटेना. चार गडी घामाघूम झाले. दत्तू टोपी टाकून स्वतः पहारीला भिडला. तो म्हणत होता, हळू, हळू. तेवढ्यात दगड नावातूनच दुभंगला.

दत्तूनं दोन्ही तुकडे उचलून सारजाबाईंपुढे ठेवले आणि मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी तुकडे पदरानं पुसले, एकाला एक लावून पाहिले, आणि वावरातल्या बांधावर नेऊन ठेवले. परत येऊन म्हणाल्या, "थांबलाव का? पाडा की."

दोन दिवस घण चालले. बंधाऱ्यात गाडी जाईल एवढं खिंडार पडलं, बाभळी तोडल्या, गाळ उपसला, दगड नव्या पात्राच्या तोंडाशी रचले. गाव थकलं, पण सुतकात असावं तसं नाही. पंच मोकळे झाल्यासारखे पान खात होते, आणि पाटील चंद्राईसाठी दुसरं स्थळ बघायच्या गोष्टी करत होते.

परत

माझी सुटी संपत आली होती. दत्तूनंही बिछाना बांधला. परभणीला जाऊन साहेबांना स्वतःच सांगायचं आणि काय होईल ते होऊ द्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. गाडी जुंपली तेव्हा सारजाबाई खिंडारात उभ्या होत्या.

"आता पानी सरळ यील नव्हं, सायेब?"

या प्रश्नाला त्याच्या खात्यात एकच उत्तर आहे. दत्तूनं ते दिलं नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. "यावं असं वाटतं."

"मंग जायलाव कुठं?" सारजाबाई म्हणाल्या. "पानी येईस्तोर हितंच ऱ्हावा. सरळ आलं तर खुशाल जावा. न्हाई आलं, तर हीर जाताना माझ्यासंगं बघायला कुनीतरी पायजे का न्हाई?"

साहेबांना काय कळवायचं, नोकरीचं काय, मी काहीच विचारलं नाही. दत्तू गाडीपाशी थोडा घुटमळला. मग त्यानं ट्रंक खाली उतरवली, बिछाना खांद्यावर घेतला आणि सारजाबाईंच्या ओसरीकडे चालू लागला. पावसाळा तोंडावर होता, म्हणून मी माझी छत्री त्याच्या ट्रंकेवर ठेवली आणि गाडीत एकटीच बसले.